सातवे व्रत आणि चाकणचा बाजार : आहारत्यागाचा ऐतिहासिक मागोवा

पुणे-नाशिक रस्त्यावरील चाकण हे गाव आज मोटार कारखान्यांमुळे जगाच्या नकाशावर आले असले, तरी महाराष्ट्राच्या बाजारपेठांत त्याची जुनी ओळख कांदा आणि बटाटा या दोन पिकांची आहे. खेड कृषी उत्पन्न बाजार समितीच्या चाकण येथील महात्मा फुले मार्केटमध्ये कांद्याच्या गोण्या घेऊन येणाऱ्या गाड्यांची रांग हे हंगामातील नित्याचे दृश्य होय. शेजारच्या आंबेगाव तालुक्यातील सातगाव पठार खरिपाच्या बटाट्यासाठी प्रसिद्ध आहे, आणि त्या पिकाचे बियाणे पंजाबातून मंचरच्या बाजारात उतरते. चाकण, राजगुरुनगर, मंचर या पेठांत पिढ्यानपिढ्या दुकानदारी करणारी जैन घराणी आहेत. ज्या मातीने या परिसराला समृद्धी दिली, तिचे हेच दोन पदार्थ या घराण्यांतील व्रती श्रावकांनी आपल्या पानातून कटाक्षाने दूर ठेवले.

बाहेरून पाहणाऱ्यास हा विरोधाभास वाटतो. गावचा कांदा गावच्याच माणसाने का वर्ज्य करावा, असा प्रश्न कारखान्यातील सहकारी आजही जैन मित्राला जेवणाच्या सुट्टीत विचारतात. 'आमच्यात चालत नाही' एवढे त्रोटक उत्तर देऊन तो विषय बहुधा संपतो. परंतु या उत्तरामागे अडीच हजार वर्षांचा विचार उभा आहे. ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात त्या विचाराचा मागोवा घेणे उचित ठरेल.

आनंद श्रावकाची यादी

जैन धर्माच्या अकरा अंगग्रंथांपैकी उपासकदशांग हा ग्रंथ गृहस्थांच्या जीवनाला वाहिलेला आहे. त्यातील पहिलीच कथा वाणिज्यग्रामच्या आनंद गाथापतीची. चार कोटी सुवर्णमुद्रा ठेवीत, चार कोटी व्यापारात आणि चार कोटी घरप्रपंचात, दहा दहा हजार गाईंची चार गोकुळे, पाचशे नांगर आणि शेकडो गाडे, असे त्याचे वैभव वर्णिले आहे. भगवान महावीरांसमोर श्रावकव्रते घेताना या धनाढ्य गृहस्थाने आपल्या रोजच्या भोगोपभोगाची एकेक करून मर्यादा सांगितली. तांदूळ कोणता, वरण कशाचे, तूप कोणत्या ऋतूतले, फळ कोणते, मिष्टान्न कोणते, हे सारे त्यात येते. पक्वान्नांत घेवर व खाजे, तांदळांत कलम जातीची साळ, तुपांत शरद ऋतूतील गाईचे तूप आणि पिण्यास केवळ पावसाचे पाणी एवढेच त्याने ठेवले. त्याव्यतिरिक्त सर्वांचा त्याग केला.

या यादीचे एक वैशिष्ट्य सहज लक्षात येते. आनंदाने काय काय सोडले याची गणती त्यात नाही. काय ठेवले तेवढेच सांगितले आहे. उरलेले सारे विश्व आपोआप त्यागात गेले. घेवर ठेवणारा हा श्रावक विरक्त मुनी नव्हता. त्याला चव होती, आवड होती. पण त्या आवडीला त्याने कुंपण घातले. श्वेतांबर परंपरेत हे सातवे व्रत मानले जाते आणि त्याचे नाव उपभोग-परिभोग-परिमाण असे आहे. दिगंबर परंपरेत आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंडक श्रावकाचारात भोगोपभोग-परिमाण हे गुणव्रतांत घेतले, तर तत्त्वार्थसूत्राच्या क्रमात ते शिक्षाव्रतांत येते. क्रम भिन्न असला तरी आशय एकच आहे, आणि त्यातील 'परिमाण' हा शब्द सर्वांत महत्त्वाचा. परिमाण म्हणजे माप. आपल्या इच्छेचे माप आपणच घ्यावे, ही या व्रताची मूळ शिकवण.

शास्त्रात नसलेला पाहुणा

पुढील शतकांत आचार्यांनी गृहस्थांसाठी वर्ज्य पदार्थांच्या निश्चित याद्या सिद्ध केल्या. मद्य, मांस, मध आणि पाच उदुंबर फळे यांचा त्याग हे अष्टमूलगुण म्हणून दिगंबर श्रावकाचारात रूढ झाले. श्वेतांबर परंपरेत बावीस अभक्ष्ये आणि बत्तीस अनंतकाय यांची गणना झाली. बाराव्या शतकात आचार्य हेमचंद्रांनी राजा कुमारपालासाठी रचलेल्या योगशास्त्रात हा विषय विस्ताराने आला आहे. या याद्यांत केवळ मांसमद्यच नाही. मध आहे, लोणी आहे, रात्रीचे भोजन आहे. मध गोड आणि औषधी असूनही मधमाश्यांच्या पोळ्याचा विध्वंस करून मिळतो, म्हणून तो मांसाच्या पंक्तीत बसवला गेला.

कंदमुळांचा विचार याहून सूक्ष्म आहे. वनस्पतीचे प्रत्येक आणि साधारण असे दोन प्रकार शास्त्र मानते. प्रत्येक वनस्पतीत एका शरीरात एक जीव, तर साधारण वनस्पतीत एकाच शरीराच्या आश्रयाने अनंत जीव. तोडले तरी पुन्हा फुटणारा कंद या दुसऱ्या वर्गात येतो. शिवाय फळ तोडले तर झाड जगते. कंद उपटला तर झाड मुळासकट जाते आणि मातीतील सूक्ष्म जीवसृष्टीही विस्कटते. म्हणूनच ओले आले वर्ज्य, पण सुंठ चालते. ओली हळद वर्ज्य, पण वाळलेली चालते. शेंगदाणा जमिनीखाली पिकतो, तथापि तो कंद नसून शेंग असल्याने वर्ज्य मानला जात नाही. या भेदांमागे वनस्पतीचे बारकाईने केलेले निरीक्षण आहे.

यात बटाट्याची कथा विशेष उद्बोधक आहे. बटाटा हा मूळचा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताचा रहिवासी. सोळाव्या शतकात तो स्पॅनिश लोकांबरोबर युरोपात गेला आणि पुढे भारतात आला. मराठीतील 'बटाटा' हा शब्द पोर्तुगीजांकडून आलेला आहे. म्हणजे हेमचंद्राचार्यांच्या काळी हा पदार्थ या देशात नव्हता. जुन्या ग्रंथांतील 'आलुक' हा शब्द बटाट्याच्या आगमनापूर्वीपासून अन्य खाद्य कंदांसाठी वापरला जात होता. तरीही परदेशातून आलेल्या या कंदाला जैन समाजाने अनंतकाय ठरवले, कारण नावापेक्षा लक्षण पाहण्याची शिस्त त्याला होती. ग्रंथात नाव नाही म्हणून सूट घ्यावी, असा विचार झाला नाही. नव्या वस्तूला जुने तत्त्व लावून पाहण्याचा विवेक त्या पूर्वजांजवळ होता. ही यादी शिळेवर कोरून संपलेली नव्हती; ती विचाराने वाढत गेली, हे या इतिहासाचे पहिले सार होय.

ऋतू आणि रसना

त्यागाचे दुसरे अंग ऋतूंशी निगडित आहे. श्वेतांबर मूर्तिपूजक कुटुंबांत आर्द्रा नक्षत्र लागले की आंबा बंद होतो. जूनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, हापूस संपत आलेला आणि अन्य आंबे अजून बाजारात असताना, मुलांच्या डोळ्यांदेखत आमरसाची वाटी पानातून जाते. पावसाचे पाणी लागलेल्या फळात सूक्ष्म जीवांची उत्पत्ती होते, हे त्यामागचे कारण. चातुर्मासात पालेभाज्या वर्ज्य होतात, कारण पावसाळ्यात पानापानावर किडे-अळ्या असतात. द्वितीया, पंचमी, अष्टमी, एकादशी, चतुर्दशी या तिथींना हिरवी भाजी न खाण्याचा नियम आजही अनेक घरांत पाळला जातो.

याहून कठीण तप आयंबिलाचे. चैत्र आणि आश्विन महिन्यांतील नवपद ओळीत नऊ दिवस एकवेळ, तेही दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर यांशिवाय शिजवलेले अन्न घेतले जाते. तत्त्वार्थसूत्राने बाह्य तपाच्या सहा प्रकारांत रसपरित्याग गणला आहे. येथे पदार्थ पूर्ण वर्ज्य नाही. त्याची गोडी वर्ज्य आहे.

या परिसरातील मराठी समाजालाही ही भाषा परकी नाही. देहू आणि आळंदी ही दोन्ही तीर्थे याच औद्योगिक पट्ट्याच्या कुशीत आहेत. गळ्यात तुळशीची माळ घालणारा वारकरी मांस आणि मद्य यांचा त्याग करतो. चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य करणारी मराठी घरे आषाढ शुद्ध नवमीला, म्हणजे कांदेनवमीला, कांद्याची भजी, थालिपीठ, भरीत असे सारे प्रकार हौसेने करून मगच नियम धरतात. आवडीला निरोप देण्याची ही रीत हसरी आहे. जैन श्रावक आणि वारकरी यांची तत्त्वज्ञाने वेगळी असली, तरी पावसाळ्यात जिभेला आवर घालण्याची सवय दोघांना एकमेकांच्या शेजारात जपता आली. त्यागामुळे शेजार तुटला नाही, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

इंद्रायणीच्या या खोऱ्यात श्रमणपरंपरेच्या खुणा फार जुन्या आहेत. मावळात कामशेतजवळच्या पाले येथील लेण्यात अरहंतांना वंदन करून सुरू होणारा ब्राह्मी शिलालेख आहे. डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. शोभना गोखले यांनी तो वाचून प्रसिद्ध केला. भदंत इंद्ररक्षित यांनी लेणे आणि पाण्याची पोढी, म्हणजे टाके, करविल्याचा उल्लेख त्यात आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या या लेखात राहण्याची जागा आणि पिण्याचे पाणी या दोनच गोष्टींचे दान नोंदले गेले आहे. या नदीखोऱ्यातील सर्वांत जुन्या जैन स्मरणात पाणी आहे, ही बाब पुढील विवेचनासाठी महत्त्वाची ठरते.

गाडे, भट्टी आणि पंधरा कर्मादाने

सातव्या व्रताचा एक भाग पानापुरता आहे आणि दुसरा उपजीविकेचा. हा दुसरा भाग आज फारसा स्मरला जात नाही. श्वेतांबर शास्त्रांनी याच व्रताच्या अतिचारांत पंधरा कर्मादाने सांगितली, म्हणजे श्रावकाने टाळावयाचे पंधरा व्यवसाय. त्यांत कोळसा व भट्टीशी निगडित अंगारकर्म आहे, जंगलतोडीचे वनकर्म आहे, गाडे घडवण्याचे शकटकर्म आहे, भाड्याने वाहतूक करण्याचे भाटककर्म आहे, जमीन फोडण्याचे स्फोटककर्म आहे, यंत्राने पिळण्याचे यंत्रपीलन आहे, विषाचा व्यापार आहे आणि सरोवरे-तलाव आटवणे हेही आहे.

ही यादी पिंपरी-चिंचवडच्या रस्त्यावर उभे राहून वाचली तर मन थबकते. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आले आणि भोसरी, आकुर्डी, चिंचवडच्या माळरानांवर कारखान्यांच्या शेड उभ्या राहिल्या. १९७० मध्ये नगरपालिका आणि १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. १९९९ मध्ये बजाज ऑटोचा चाकण प्रकल्प सुरू झाला, २००९ मध्ये फोक्सवॅगनचा. राजस्थान, गुजरात, कच्छ आणि सांगली-कोल्हापूर भागातून आलेल्या जैन कुटुंबांनी येथे दुकाने थाटली, वर्कशॉप काढले, सुटे भाग बनवले, वाहतुकीचे परवाने घेतले. शकटकर्म, भाटककर्म आणि अंगारकर्म यांवरच तर हे नगर उभे आहे.

याचा अर्थ या उद्योजकांनी व्रतभंग केला असा निष्कर्ष काढणे उथळपणाचे होईल. आनंद श्रावकाचेही पाचशे नांगर आणि शेकडो गाडे होते. त्याने ते मोडून टाकले नाहीत, त्यांची संख्या ठरवली. गृहस्थाचे व्रत अणुव्रत असते. मात्र शास्त्रकारांनी ताट आणि धंदा यांना एकाच व्रतात का बांधले, याचे उत्तर या पट्ट्यात राहणाऱ्यास सहज उमगावे. पानातील हिंसा चमचाभर असते. भट्टीतील, सांडपाण्यातील आणि आटलेल्या तलावातील हिंसेचे माप फार मोठे असते. पवना आणि इंद्रायणी यांच्या पाण्यावर येणारा फेस या पट्ट्यातील प्रत्येकाने पाहिला आहे. कंद उपटताना मरणाऱ्या जीवांची ज्याला करुणा येते, त्याच्या कारखान्याचे पाणी नदीत कसे जाते हा प्रश्न त्याच व्रताच्या कक्षेत येतो. तलाव आटवणे जर कर्मादान असेल, तर नदी नासवणे हे काय ठरेल, याचा निर्णय ज्याचा त्याने करावा.

नवे ज्ञान, नवा त्याग

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात समाजासमोर काही नवे प्रश्न आले. १९७४ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या ब्यूटी विदाउट क्रुएल्टी या संस्थेने चांदीच्या वर्खाकडे लक्ष वेधले. मिठाईवर लावला जाणारा आणि प्रभूच्या अंगरचनेतही वापरला जाणारा वर्ख पारंपरिक पद्धतीने तयार करताना चांदीचे तुकडे गाईबैलांच्या आतड्यांच्या पडद्यांत ठेवून कुटले जात, ही माहिती घराघरांत पोचली तेव्हा अनेकांना धक्का बसला. पिढ्यानपिढ्या शुभ मानलेली वस्तू अनेक मंदिरांतून आणि मिठाईच्या डब्यांतून हटवली गेली. येथेही बटाट्याचीच कथा पुन्हा घडली. वस्तू जुनी होती, ज्ञान नवे होते आणि त्या ज्ञानाप्रमाणे त्याग करण्याची तयारी समाजाने दाखवली. २००१-२००२ पासून वेष्टनांवर तपकिरी आणि हिरवे चिन्ह सक्तीचे झाल्यावर बिस्किटे, चॉकलेटे, आइस्क्रीम यांतील घटक तपासण्याची सवयही घरोघरी लागली.

दुधाचा प्रश्न याहून अवघड आहे. परंपरेने दूध-तूप सात्त्विक मानले. आनंद श्रावकाच्या यादीत शरदातील तूप आहे. परंतु आनंदाची गोकुळे आणि आजचा दूधधंदा यांत अंतर पडले आहे. नर वासरांचे आणि भाकड गाई-म्हशींचे पुढे काय होते, हा प्रश्न आज टाळता येत नाही. मुनिदीक्षेनंतर १९७० च्या सुमारास परदेशी जाऊन अमेरिकेत जैन विचाराचा प्रसार करणारे गुरुदेव चित्रभानू (१९२२-२०१९) यांनी दुग्धजन्य पदार्थांच्या त्यागाचा पुरस्कार केला. परदेशातील जैन तरुणांत हा विचार रुजला. येथील घरांत तो अद्याप वादाचा विषय आहे. वाद व्हावा, यात वावगे काही नाही. ज्या परंपरेत आयंबिलाचे नऊ दिवस दूध-तुपाशिवाय आनंदाने जातात, तिला हा विचार ऐकून घेणे तरी अशक्य नसावे.

पर्यावरणाचे शास्त्रही आता या चर्चेत आले आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१३ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार मानवनिर्मित हरितगृह वायूंपैकी १४.५ टक्के वाटा पशुपालनाचा होता. शाकाहाराच्या बाजूने हे मोठे प्रमाण आहे. पण त्याचा उपयोग प्रामाणिकपणे केला पाहिजे. या हिशेबात बटाटा हा पृथ्वीवर अतिशय कमी भार टाकणाऱ्या अन्नांपैकी एक ठरतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, ११९ देशांतील शेतांच्या अभ्यासानुसार जागतिक सरासरीने एक किलो बटाट्यामागे सुमारे अर्धा किलो कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन होते, तर एक किलो चीजमागे ते वीस किलोहून अधिक असते. कंदमुळांच्या त्यागाचे अधिष्ठान जीवदया आहे, कार्बनचा ताळेबंद नाही. सोयीनुसार एकाचा आधार दुसऱ्याला देणे सत्यव्रताला धरून होणार नाही. उलट, जेथे करुणा आणि पर्यावरण दोन्ही एकाच दिशेला बोट दाखवतात, तेथे अधिक गांभीर्याने पाहावे लागेल.

पर्याय की परिमाण?

येथे आजच्या पंक्तीकडे वळणे आवश्यक आहे. जैन पावभाजी, जैन पिझ्झा, जैन वडापाव हे शब्द आता या शहराच्या हातगाडीवरही वाचावयास मिळतात. बटाट्याच्या जागी कच्चे केळे आले, कांद्याची जागा हिंगाने आणि कोबीने घेतली. कारखान्यांच्या उपाहारगृहांत जैन ताट मागितले तर मिळू लागले. नियम पाळणे सोपे झाले, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. घरापासून दूर नोकरी करणाऱ्या तरुणाचा नियम त्यामुळे टिकला.

तथापि पर्याय मिळाला की त्याग संपतो, हेही खरे. ज्या जिभेला आवरायचे होते तिला तीच चव दुसऱ्या वाटेने मिळाली. बटाटा गेला आणि त्याच्या जागी पनीर व चीज यांचे थर आले, तर नियमाचे अक्षर शाबूत राहते, परंतु जीवदया आणि पृथ्वी या दोघांच्याही हिशेबात फारशी भर पडत नाही. लग्नसमारंभात एकही कंद नसलेले शंभर पदार्थ मांडले जातात आणि त्यातील कितीतरी अन्न कचऱ्यात जाते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले. ज्या समाजात जेवण झाल्यावर थाळी धुऊन ते पाणी पिण्याची रीत होती, त्याने हा आकडा नुसता वाचून पुढे जाणे शोभत नाही. उष्ट्या अन्नात अंतर्मुहूर्तात, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटांच्या आत, जीवोत्पत्ती होते, अशी श्रद्धा त्या रीतीमागे होती. कणभर अन्न न टाकणारी ती आजी पर्यावरण हा शब्द जाणत नव्हती; पण आजच्या कोणत्याही परिषदेतील वक्त्यापेक्षा तिचा आचार पक्का होता.

इतिहास पाहता त्यागाच्या तीन कसोट्या दिसतात. पहिली, तो स्वतःपुरता असावा. चाकणच्या शेतकऱ्याचा घाम आणि त्याचा कांदा यांचा अनादर त्यात नसावा. आनंद श्रावकाने आपली यादी केली, शेजाऱ्याची केली नाही. दुसरी, तो ज्ञानाबरोबर वाढावा, जसा तो बटाट्याच्या आणि वर्खाच्या वेळी वाढला. तिसरी, तो ताटावर थांबू नये. त्याने दुकानाच्या वहीपर्यंत, कारखान्याच्या नळीपर्यंत आणि मांडवातील पंक्तीपर्यंत पोचावे.

ज्या पन्नास वर्षांचा हा उत्सव आहे, त्या काळात समाजाने या नगरीत मंदिरे, स्थानके, धर्मशाळा आणि शाळा उभारल्या. पुढील पन्नास वर्षांसाठी प्रत्येक कुटुंबाने या चातुर्मासात आनंद श्रावकाप्रमाणे एक कागद घ्यावा आणि काय सोडले याऐवजी काय ठेवले ते त्यावर लिहावे. पंक्तीत किती पदार्थ, घरात किती वाहने, कारखान्यात किती पाणी, याचे माप त्यात यावे. इंद्ररक्षितांनी ज्या खोऱ्यात पाण्याचे टाके दान केले, त्या खोऱ्यातील नद्या पुन्हा निर्मळ वाहाव्यात, आणि आमरसाच्या वाटीला हसत निरोप देणारी पिढी या औद्योगिक नगरीत नित्य नांदावी, हीच या मंगल प्रसंगी जिनेश्वरांच्या चरणी प्रार्थना.